हळद निघेना

गिऱ्हाईक पिवळी साडी घेऊन आलं की आजही माझे हात थांबतात. बाई समोर उभी असते, साडी खांद्यावर टाकून विचारते, "ताई, हा रंग मला उठून दिसेल का?" आणि मी साडीकडे बघतच नाही. मी आधी तिच्या डोळ्यांतलं पांढरं बघते. ते पांढरं दिसलं की मग मी कामाला लागते. बायकांना वाटतं, ही फार बारकाईनं बघते बुवा. वाटू दे. खरं कारण सांगितलं तर एकही बाई परत यायची नाही.

नगरजवळ भिंगारच्या जुन्या बाजारामागं आमचं घर आहे आणि त्याच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप सगळं करते, पण लोक मला ओळखतात ते रंगांसाठी. कुणाला कुठला रंग खुलतो ते मी सांगते आणि सहसा माझं चुकत नाही. त्याला काही मोठी विद्या लागत नाही. बाईनं नुसत्या पाण्यानं तोंड धुवायचं, पावडर लावायची नाही, आणि सकाळच्या उजेडात दारात बसायचं. मी तिच्या हनुवटीखाली एकेक कापड धरते. कापडाकडे बघायचं नसतं, डोळ्यांखालच्या सावल्यांकडे बघायचं असतं. रंग मानवला तर सावल्या पळतात, झोप नीट झाल्यासारखा चेहरा दिसतो. नाही मानवला तर तीच बाई आजारी दिसते.

बायका मात्र मलाच शिकवतात. "मला जरा दोन शेड गोरं कर." असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी विचारते, "आणि मान कुठं ठेवणार? घरी ठेवून येणार का?" तोंड पांढरं आणि मान सावळी, असलं पीठ फासलेलं काम मी करत नाही. माझ्या या तोंडाळपणानं बरीच गिऱ्हाइकं तुटली. जी टिकली ती आता लेकी-सुनांना घेऊन येतात.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी माझ्याहून बरीच लहान, तिला मी कडेवर घेऊन वाढवलंय. ती आई-अण्णांजवळ बेलापूरला राहायची आणि जवळच श्रीरामपूरच्या एका शाळेत शिकवायची. रंगानं सावळी, पण आतून लालसर झाक. असा रंग फार थोड्यांना मिळतो. डाळिंबी, वांगी, मोरपंखी, गडद हिरवा, यातलं काहीही तिच्या अंगावर टाका, पोरगी अशी उजळायची की आई पटकन मीठ-मोहऱ्या घ्यायला आत पळायची. पिवळ्याशी मात्र तिचं अजिबात जमायचं नाही. लिंबू, मोहरी, हळदी, कुठलाही पिवळा तिला मरगळून टाकायचा. लहानपणी मामानं तिला पिवळा फ्रॉक आणला होता, तो मी हट्टानं शेजारच्या पोरीला देऊन टाकला होता.

तिचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त नाचले मी. कारण त्याआधी तिची एक सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली होती, आणि त्या एका गोष्टीनं आई पार खचली होती. हा मुलगा चांगला होता. कमी बोलणारा, पण धाकटी बोलायला लागली की हातातलं काम ठेवून ऐकणारा. तिला तो आवडला होता. आवडला म्हणजे काय, फोन आला की ही ओट्यावरून उठून गोठ्यापर्यंत चालत जायची आणि आई मुद्दाम मोठ्यानं खोकायची.

लग्नाआधी दोन आठवडे मी बेलापूरला जाऊन सगळं ठरवून आले. सकाळी तिला ओट्यावर बसवलं, जबड्याच्या कडेला फाउंडेशनचे चार-पाच ठिपके लावले. त्यातला एक ठिपका कातडीत असा मिसळला की कुठं लावला होता तेही सापडेना. तोच तिचा शेड. ओठांना विटकरीकडं झुकणारा लाल, डोळ्यांना तपकिरी, आणि अक्षतेला बस्त्यातला डाळिंबी शालू. काम फत्ते. मी खुशीत भिंगारला परतले.

हळदीच्या दिवशी परत गेले तर धाकटी म्हणाली, "ताई, अक्षतेला मी पिवळी साडी नेसणार आहे."

"वेडी झालीस का? तो एवढा शालू काय कपाटात पूजेला ठेवायचाय?"

"मला पिवळीच नेसायचीय. एकदा माझं ऐक ना."

मी ऐकलं, पण फुगून बसले. ती वाळल्यासारखी दिसत होती. जेवण जात नव्हतं, सकाळी उलटी झाली होती, सारखी आडवी होत होती. सगळ्या जणी म्हणत होत्या, लग्नाचं टेन्शन हो, सगळ्याच पोरींचं होतं. मीही तेच म्हणाले. मग मांडवात हळद लागली. आत्या, मावश्या, शेजारणी, जी ती ओंजळ भरून थापत होती. धुवून झालं तरी तोंड, गळा, हात पिवळेजर्द. आत्या कौतुकानं म्हणाली, "काय हळद चढलीया बाई पोरीला! नशिबाची हाय." सगळ्यांनी तिच्या गालांवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

लग्न बेलापूर-श्रीरामपूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. नवरीची खोली म्हणजे पोपटी भिंती, केशरी पडदे आणि वर निळसर ट्यूब. मला तिथं पाऊल टाकल्याबरोबर चक्कर आली. दार लावून घेतलं, धाकटीला खुर्चीत बसवलं, तिचा शेड काढला आणि जबड्यावर बोटानं पसरला.

तो मिसळेना. दोन आठवड्यांपूर्वी जिथं गायब झाला होता तिथं तो राखेसारखा वर बसून राहिला.

"हात्तिच्या," मी म्हणाले, "हा सगळा या भिंतींचा उद्योग." तिला उठवून मागच्या दारी उन्हात नेलं. तिथं आचारी भाताची पातेली उतरवत होते, त्यांनी नवरी बघून बाजूला तोंडं केली. उन्हातही तेच. जबड्यावर राख आणि भोवती पिवळं. मग मी हळदीच्या नावानं बोटं मोडली. आत आणून बेसन-दुधानं तोंड धुतलं, मग क्लिन्सिंग मिल्क घेऊन कापसानं पुसायला लागले. पहिला कापूस पिवळा निघाला. दुसरा फिक्कट. मग एक निघाला तो स्वच्छ पांढरा. मी आणखी एक घेतला, जरा जोरानं घासला. पांढरा.

मी तो कापूस तिच्या गालाशेजारी धरला. कापूस पांढरा आणि गाल पिवळा. हळद सगळी निघाली होती. 

"वर बघ," मी म्हणाले. तिनं बघितलं नाही. "वर बघ म्हणते ना!"

"काल डोळ्यांत हळद गेलीय, ताई. चुरचुरतंय."

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. ठेवला असता तर पुढचा सगळा दिवस किती सरळ गेला असता. पण माझा अंगठा तोवर तिच्या पापणीखाली गेला होता. पापणी खाली ओढली, आणि जिथं पांढरं असायला पाहिजे तिथं पिकलेल्या लिंबाच्या सालीचा रंग होता.

"लघवी कशी होते?"

"काय विचारतेस ताई, आज..."

"कशी होते ते सांग!"

"काळ्या चहासारखी."

"कधीपासून?"

 ती मांडीवरच्या टॉवेलचे धागे ओढत म्हणाली, "चार-पाच दिवस झाले. आरशात दिसलं मला. म्हणून तर पिवळी साडी काढली. अंगावर सगळंच पिवळं असलं की कुणाला कळत नाही गं."

 एवढे दिवस ही पोरगी हा रंग अंगावर घेऊन एकटी हिंडत होती, आणि मी, रंग ओळखणारी, काल रात्री तिच्याशेजारी फुगून झोपले होते.

"झाक ना," ती म्हणाली. "तुला येतं. तूच म्हणतेस, तुला काहीही झाकता येतं."

येतं. पिवळेपणा मारायला फिकट जांभळं करेक्टर असतं, शिकाऊ पोरींनाही ते पहिल्या महिन्यात कळतं. माझ्या पेटीत ते होतं. का कोण जाणे, मी ते उघडलं आणि तिच्या डाव्या गालावर थोडं लावून पसरलं, वर तिचा शेड दिला. पिवळं गेलं. इतकं सहज गेलं की माझ्या अंगावर काटा आला. अर्धा चेहरा माझ्या बहिणीचा, निरोगी, तजेलदार, आणि अर्धा त्या रोगाचा. ती आरशात बघून हसली.

"बघ. दिसतंय का काही? आणि डोळे मी खाली ठेवीन. नवरीनं खालीच बघायचं असतं."

 दोन तास मी तिला अशी ठेवू शकले असते, दोन दिवससुद्धा. कुणाला म्हणजे कुणाला कळलं नसतं. स्वतःच्या हाताची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी ओला टॉवेल घेतला आणि तो गाल पुसून काढला. ती विरोध करणार, माझा हात धरणार असं वाटलं, पण तिचा हात वर आला आणि तसाच मांडीवर पडला. मान एका बाजूला कलली. बसल्या जागी तिला डुलकी लागली होती. आम्ही बोलत असताना.

मी दार उघडून आईला आत ओढलं आणि सांगितलं.

"हळू बोल," आई म्हणाली. "भिताडाच्या पल्याड पावनी बसल्याती." मग ती धाकटीजवळ गेली, तिची पापणी माझ्यासारखीच ओढून बघितली, आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आई आता काय म्हणते यावर माझा जीव टांगला होता.

"असू दे," ती म्हणाली. "अक्षता पडू दे. पाच मिनटाचं काम हाय. मग ने कुठं न्यायाची ती."

"आई, अगं..."

"एकदा मोडलंय तिचं. आता मांडवातनं पावनं परत गेलं तर तिला कोन करील? तूच सांग. आन् कावीळ काय लोकांना हुत न्हाई व्हय? माळ घालून आनू उद्या. उतरती."

"काकांना घातली होती ना माळ?"

 अण्णांच्या धाकट्या भावाला कावीळ झाली होती तेव्हा मी शाळेत होते. कुठल्याशा गावाहून मंत्रलेली माळ आणून त्यांच्या डोक्यावर ठेवली होती. माळ हळूहळू मोठी होऊन डोक्यावरून गळ्यात उतरते, तसतशी कावीळ उतरते, असं सगळे म्हणत होते. माळ खरोखर गळ्यात उतरली. काका ओसरीतल्या खाटेवर झोपायला लागले, मग दिवसासुद्धा झोपायला लागले, मग आम्हाला ओळखेनासे झाले. त्यांचे तळपाय मला अजून दिसतात, पिवळे. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"ही पण बसल्या बसल्या झोपतेय, आई."

आईचं तोंड वेडंवाकडं झालं. ती दुष्ट नव्हती हो. ती माझ्याइतकीच घाबरली होती, फक्त तिची भीती दुसरीकडं तोंड करून उभी होती. आणि मी तरी कुठं शूर? मी कबूल झाले. म्हणाले, "बरं. मग आत्ताच्या आत्ता टाका अक्षता. या मिनिटाला."

आई भटजींकडं गेली. मी धाकटीला ती पिवळी साडी कशीबशी नेसवली, केस बांधले, मुंडावळ्या बांधल्या. चेहऱ्याला काही लावलं नाही. मुहूर्ताची वेळ झाली, टळली. बाहेर माईकवर निवेदक बोलतच होता. आई परत आली ती हात हलवीत.

"पुढारी यायचंत. ते आल्याबिगर अक्षता पडत न्हाईत म्हनं."

आमच्या भागातली लग्नं बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको. मुहूर्त पत्रिकेत छापायचा असतो. अक्षता पडतात त्या सत्कार संपल्यावर. आजी-माजी सगळ्यांची नावं घ्यायची, एकेकाला स्टेजवर बोलवायचं, फेटा, शाल, नारळ, फोटो. ज्याचं नाव राहिलं तो रुसून गाडीत जाऊन बसतो, मग त्याला आणायला माणसं धाडायची. एरवी मी या प्रकाराला पोट धरून हसते. त्या दिवशी भिंतीपलीकडून "यांचा सत्कार करावा अशी मी विनंती करतो" ऐकू आलं की मी बोटांवर मोजायची. अजून एक. अजून एक. धाकटीनं बादलीत उलटी केली. नुसतं पाणी. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"झोपू नकोस," मी तिला हलवलं. "उखाणा म्हण. महिनाभर पाठ करतेयस ना? म्हण."

तिनं डोळे उघडले. पहिली ओळ म्हणाली, बरोबर म्हणाली. दुसरीच्या शेवटी जिथं नवऱ्याचं नाव घ्यायचं तिथं थांबली. लाजली असेल असं वाटलं मला. मग ती कसनुसं हसली आणि हळूच म्हणाली, "काय गं नाव त्याचं?"

ज्याचा फोन आला की ती गोठ्यापर्यंत चालत जायची त्याचं नाव तिला आठवेना.

मी उठले आणि पळाले. अनवाणी, हातात टॉवेल, केस सुटलेले, नवरीची थोरली बहीण भर मांडवातून पळतेय आणि लोक बाजूला होतायत. अण्णा फेटा बांधून फाटकात उभे होते, हातात पुढाऱ्यासाठी हार. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "अण्णा, धाकटीला कावीळ झालीय. तिच्या डोक्यात चढतेय. मला फार भीती वाटतेय."

त्यांनी हार शेजारच्या माणसाच्या हातात दिला.  माझ्यामागं खोलीत आले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"पोरी, वळखलं का मला?"

"अण्णा."

"काय हुतंय?"

"झोप येते खूप."

त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग उठले. आईनं त्यांची बाही धरली. "अहो, जरा दम धरा. आलंच असतील ते. पाच मिनटं."

"मागच्या येळंला दम धरला हुता म्या," अण्णा म्हणाले आणि बाही सोडवून घेतली.

अण्णा उभ्या आयुष्यात माईकसमोर गेले नव्हते. ते स्टेजवर चढले, निवेदकाच्या हातातून माईक घेतला, तोंडाला अगदी टेकवून धरला. केवढ्यानं तरी चिरकलं ते. सगळं कार्यालय गप्प झालं.

"राम राम. माजी धाकली पोर लई आजारी हाय. तिला दवाखान्यात न्यायाचीय. आज लगीन व्हनार न्हाई." त्यांनी फेटा सावरला.  "कुनी उपाशी जाऊ नगा. जेवून जावा."

मग एकच गलका झाला. नवऱ्या मुलाकडचे कुणी काका स्टेजवरून ओरडत होते, "ही काय रीत झाली का? आधी सांगायचं व्हतं! आमाला फसवलं!" आई खोलीच्या दारात मटकन खाली बसली. अण्णांनी धाकटीला दोन्ही हातांवर उचललं, लहानपणी उचलायचे तशी, आणि तिचा हात खाली लोंबत होता. आम्ही फाटकापर्यंत आलो आणि बघितलं तर आमच्या सगळ्या गाड्या आत, आडव्यातिडव्या लागलेल्या. एकही निघणार नव्हती. मी कपाळावर हात मारून घेतला.

नवरा मुलगा तेवढ्यात धावत आला. फेटा, मुंडावळ्या, गळ्यात हार. त्यानं धाकटीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माझी पुढं आहे," एवढंच म्हणाला. फुलांनी मढवलेली ती गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यानं किल्ली काढून माझ्या चुलतभावाच्या हातात दिली. मागून त्याचे काका त्याला हाका मारत होते. तो आमच्याबरोबर गाडीत बसला नाही. दार लावून दिलं आणि तिथंच उभा राहिला.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तिला बघितलं, सलाइन लावलं आणि म्हणाले, इथं थांबू नका, नगरला न्या. अँब्युलन्समध्ये तिच्याजवळ मी आणि अण्णा बसलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शक्यतो बोलती ठेवा. बोलायचं काय? माझं डोकं रिकामं झालं होतं. जे मला येतं तेच मी केलं. खिडकीतून जे दिसेल त्याचा रंग विचारायला लागले.

"तो ट्रॅक्टर बघ. कुठला रंग?"

"लाल."

"नुसता लाल? मी काय शिकवलंय तुला?"

"विटकरी."

"ती बाई चाललीय बघ, साडी कुठली?"

"मोरपंखी." बऱ्याच वेळानं म्हणाली.

राहुरी मागं पडली. मी एकेक रंग विचारत होते. दुकानाच्या पाट्या, शेतं, बसची पाठ. उत्तर यायला आणखी आणखी वेळ लागत होता. मी माझ्या पदराचं टोक तिच्या तोंडासमोर धरलं. "हा कुठला?" ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळे उघडे होते. "हा कुठला, बाळा? सांग ना." अण्णांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. नगर येईपर्यंत मी विचारतच होते आणि ती त्यानंतर एक अक्षरही बोलली नाही.

तिचं यकृत जवळजवळ बंद पडलं होतं. कुठल्या तरी पाण्यातून आलं असेल, डॉक्टर म्हणाले. वाचेल का, असं अण्णांनी सरळ विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगू शकत नाही. त्या वेळी कळलं मला, भीती पोटात नसते, ती दातांत असते. माझे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात. आई दुसऱ्या दिवशी आली. कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिली आणि मध्येच मला म्हणाली, "पाच मिनटं म्हनत हुते मी." मी तिचा हात धरला. 

धाकटी परत आली. हळूहळू आली. आधी डोळे फिरले, मग नावं आठवली, मग भूक लागली. डोळ्यांतलं पिवळं जायला पुष्कळ दिवस लागले. रोज सकाळी मी तिची पापणी ओढून बघायची आणि ती माझा हात झटकायची.

तो मुलगा दोनदा दवाखान्यात येऊन गेला. दोन्ही वेळा दारातच उभा राहिला, अण्णांशी बोलला. मग त्यांच्याकडून निरोप आला. पोरगी चांगली हाय, पण लिव्हरचा विषय हाय, पुढं मुलाबाळांचं काय, आमच्या घरात सगळे घाबरलेत, राग नसावा. मुलगा स्वतः काही बोलला नाही. गाडीची किल्ली द्यायला त्याच्याकडे धीर होता, एवढ्याला नव्हता. धाकटीला हे मीच सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

तिचं लग्न अजून झालेलं नाही. शाळा सुरू आहे, तब्येत ठणठणीत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. माझ्या समोर एक गिऱ्हाईक तोंडाला पॅक लावून बसलं होतं. त्या मुलाचं लग्न झालं होतं आणि कुणाच्या तरी स्टेटसला तिनं फोटो बघितले होते. सुरुवातीलाच तिचा आवाज चढलेला होता.

"एक तास, ताई! एक तास तू गप्प बसली असतीस तर आज मी तिथं असते. दवाखान्यात गेलेच असते ना मी? त्याची बायको म्हणून गेले असते. मग कसं सोडलं असतं त्यांनी मला? पण तुझ्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. झाकायला सांगितलं होतं मी तुला. हात जोडले होते. तुला सगळ्या जगाचं झाकता येतं आणि माझं झाकता आलं नाही!"

मी, जिला कधी कुणाचं ऐकून घेता येत नाही, मी फोन कानाला धरून ठेवला. ती रडली, परत ओरडली, आणि फोन आपटला.  गिऱ्हाईक बंद डोळ्यांनी म्हणालं, "कोण हो एवढं भांडतंय?"

"माझी बहीण," मी म्हणाले.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मघापासून ती काय म्हणतेय ते ऐकतच नव्हते. मी आवाज ऐकत होते. खणखणीत होता. एक शब्द अडखळला नव्हता, एक नाव विसरलं नव्हतं. मी बाहेर दारात गेले आणि तिला परत फोन लावला.

"आता काय?" ती म्हणाली.

"काही नाही. अजून बोलायचं राहिलं असेल तर बोलून घे."

"तू ना, ताई..." असं म्हणून तिनं पहिल्यापासून सुरू केलं, आणि मी तिथंच पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.